सत्तावन्न सालचें पिस्तूल

आमच्या शाळेंत नववींत शिकणाऱ्या एका मुलाच्या घरीं एक जुनें पिस्तूल आहे. घर खालापूर तालुक्यांत, बोरघाटाच्या पायथ्याशीं. आभाळ निवळलें म्हणजे त्यांच्या मागील अंगणांतून राजमाची दिसते, आणि रात्रीं घाट चढणाऱ्या गाडीची धाप ऐकूं येते. पिस्तूल वीतभराहून थोडें अधिक लांब आहे. नळी अठपैलू, चापाभोंवतीं कडें नाहीं, मुठीच्या लांकडाची एक फांक शाबूत व दुसरी वाळवीनें खाल्लेली. कोणीं तरी पूर्वीं तें तेलकट फडक्यांत गुंडाळून ठेविलें होतें, म्हणून एका अंगाचें लोखंड बरेंच वांचलें आहे. बाकी सर्व गंज.

गेल्या वर्षीं या वार्षिकासाठीं त्या मुलानें एक निबंध आणून दिला. मथळा होता ‘आमच्या घरांतील सत्तावन्न सालची ठेव’. भाषा सरळ, अक्षर स्वच्छ, आणि मुलाचा अभिमान ओळीओळींतून दिसत होता. त्यांत लिहिलें होतें कीं, त्याच्या आजोबांच्या आजोबांनीं १८५७ सालीं एका गोऱ्या अधिकाऱ्याशीं झुंज देऊन त्याच्या कमरेचें पिस्तूल हिसकावून घेतलें. पुढें धरपकड होऊं लागली तेव्हां तें माळ्यावर कौलांखालीं दडविलें. आणि पिस्तुलावर १८५५ हें साल कोरलेलें आहे, यापेक्षां मोठा पुरावा तो कोणता? हीच गोष्ट त्यानें १५ ऑगस्टच्या सभेंत सांगितली होती, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला होता. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतों.

परंतु भाषण वेगळें आणि छापलेला मजकूर वेगळा. मराठी विभाग माझ्याकडे असल्यामुळें निबंध छापखान्याकडे पाठविण्यापूर्वीं ती वस्तु एकदां डोळ्यांनीं पाहावी असें मला वाटलें. त्याआधीं मीं मुलाच्या वडिलांस बोलावून घेतलें. घरांत अग्निशस्त्र असणें, मग तें कितीही जुनें असो, ही थट्टेची गोष्ट नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत, जें दुरुस्त करूनही पुन्हां उडवितां येणार नाहीं अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्यारास सूट आहे. पण आपलें हत्यार त्या जातीचें आहे कीं नाहीं हें घरच्या माणसानें ठरवावयाचें नसतें. त्यांनीं तें रीतसर पोलिस ठाण्यांत नेलें, पाहणी करविली आणि लेखी दाखला आणला. चक्र गंजून जागच्या जागीं बसलेलें, घोड्याची कमान तुटलेली, नळी आंतून खाल्लेली. त्यांतून आतां बार निघणें नाहीं. हें झाल्यावर एका रविवारीं, उपासना आटोपून, मी खिशांत भिंग, विजेरी आणि फळ्यावरचा खडू घेऊन त्यांच्या घरीं गेलों.

खडूचें प्रयोजन विद्यार्थ्यांस सांगून ठेवतों, कारण तें पुढें त्यांच्याही उपयोगीं पडेल. गंजलेल्या लोखंडावरून किंवा झिजलेल्या शिळेवरून खडू हलकेच फिरवावा आणि वरचा खडू बोटानें पुसून काढावा. कोरलेल्या अक्षरांच्या खांचींत पांढरी भुकटी राहते. मग विजेरी समोरून न धरतां बाजूनें धरावी. जें भर उन्हांत दिसत नाहीं तें अशा तिरप्या उजेडांत दिसूं लागतें.

मुलानें पाहिलेलें १८५५ तेथें खरोखरच होतें. चक्राच्या ज्या अंगाचें लोखंड वांचलें होतें त्यावर, इंग्रजी अक्षरांत, ३ एप्रिल १८५५ अशी तारीख होती. पण ती एकटी नव्हती. चक्र जसजसें खडूनें पांढरें होत गेलें तसतशी तिच्या पुढें दुसरी तारीख उमटली, ५ जुलै १८५९; आणि तिच्याही पुढें, गंजाच्या पापुद्र्याखालीं अर्धवट दडलेली तिसरी, १८ डिसेंबर १८६०. नळीच्या माथ्यावर कारखान्याचें नांव निघालें: स्मिथ आणि वेसन, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स.

ज्या वस्तूवर १८६० सालची तारीख कोरलेली आहे, ती १८५७ सालीं कोणाच्याही कमरेला असणें शक्य नाहीं. मुलगा हुशार आहे. मीं कांहीं बोलण्यापूर्वींच त्याचा चेहरा उतरला. आजोबा मात्र उतरले नाहींत. ते झोपाळ्यावरून उठून आले, भिंगांतून पाहिलें आणि म्हणाले, “मास्तर, अहो पहिली तारीख पंचावन्नची आहे ना? मग झालें तर. बाकीच्या मागाहून कोणीं घातल्या असतील.” मीं समजावूं लागलों, तेव्हां ते जरा चढ्या आवाजांत म्हणाले, “तुम्हीं ख्रिस्ती माणसें. सायबाचें पिस्तूल कोणीं हिसकावलें हें तुम्हांस कसें रुचेल?”

हें बोलणें मला लागलें. आमच्या समाजास हें वाक्य नवें नाहीं, पण ज्या घरचा मुलगा तीन वर्षें माझ्यापुढें बसला त्या घरीं तें ऐकावें लागेल असें वाटलें नव्हतें. तथापि रागावून उठून येण्याची ती वेळ नव्हती. मुलगा दोघांकडेही पाहत होता. मीं इतकेंच म्हटलें कीं, “बाबा, या मुलखांतल्या शौर्यासाठीं मला पिस्तुलाची साक्ष नको. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळ्या खाऊन पडले, ते आपल्याच कर्जतचे. त्यांची गोष्ट मी दर वर्षीं वर्गांत सांगतों. पण या पिस्तुलाला आपण जें विचारूं त्याचें उत्तर तेंच देईल, तुम्हीं नाहीं आणि मींही नाहीं.” आणि मीं वर पाहिलें, तों उत्तर छपरावरच होतें.

त्यांच्या पडवीवर मंगळुरी कौलें आहेत. अशा जुन्या कौलांच्या पोटाशीं कारखान्याचें नांव आणि एक साल उठविलेलें असतें. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५, आल्बुकर्क यांच्या कौलांवर १८६८. बासेल मिशननें मंगळूरास कौलांचा कारखाना १८६५ सालीं काढला, आणि पुढें पन्नास वर्षांनीं भाजलेल्या कौलावरही तेंच साल उठत राहिलें. मीं आजोबांस विचारलें, “ही पडवी कोणीं बांधली?” “माझ्या वडिलांनीं.” “कधीं?” “माझ्या जन्मानंतर.” मग मुलाला मीं एक सुटें कौल आणावयास सांगितलें. त्यावर १८६५ होतें. आजोबा तें कौल बराच वेळ हातांत धरून बसले. शेवटीं म्हणाले, “म्हणजे हें साल कारखान्याचें, कौलाचें नव्हे.”

पिस्तुलावरील तारखाही तशाच. त्या घडणीच्या तारखा नव्हत, पेटंटच्या आहेत. एखाद्यानें नवी युक्ति काढली आणि सरकारनें ती कांहीं वर्षें दुसऱ्या कोणीं वापरूं नये असा हक्क त्यास दिला, तर तो हक्क मिळाल्याचा दिवस वस्तूवर कोरतात. म्हणून अशा वस्तूंत सर्वांत जुनी तारीख कामाची नसते. सर्वांत अलीकडची पाहावी. वस्तु तिच्या आधींची असूं शकत नाहीं, मागाहून केव्हांचीही असूं शकते. हें पिस्तूल त्या कारखान्याचें दोन नंबरचें. तें १८६१ च्या जूनपासून १८७४ पर्यंत निघत होतें, आणि एकंदर सुमारें सत्त्याहत्तर हजार निघालीं.

यांतील पहिली तारीख, जिनें एवढा घोटाळा केला, तिची कथा या पिस्तुलाहून मला अधिक रंजक वाटते. १८५७ सालचीं फिरत्या चक्राचीं पिस्तुलें टोपीचीं होतीं. आपल्याकडे जुन्या लोकांस ठासणीची बंदूक ठाऊक आहे; तीच तऱ्हा. चक्राला पांच-सहा घरें, प्रत्येक घरांत पुढून दारू घालावयाची, वर शिशाची गोळी दाबावयाची, आणि मागच्या बाजूस प्रत्येक घराच्या बोंडावर तांब्याची एकेक टोपी बसवावयाची. बंडाच्या काळांत गोऱ्या अधिकाऱ्यांजवळ कोल्टचीं व अ‍ॅडम्सचीं असत तीं अशींच. (हा सॅम्युएल कोल्ट सोळा वर्षांचा असतां १८३० सालीं बोस्टनहून कलकत्त्यास येणाऱ्या जहाजावर खलाशी होता, आणि त्या सफरींत त्यानें फिरत्या चक्राचा लांकडी नमुना चाकूनें कोरला असें सांगतात; म्हणजे या विद्येचा उगम आपल्या वाटेवर झाला म्हणावयाचा!) सहा बार झाले कीं पुन्हां भरावयास बराच वेळ लागे. आमच्या बोरघाटांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ओल्या दारूची पंचाईत सांगावयास नको.

रोलिन व्हाइट नांवाचा व्हरमाँट प्रांतांतला एक कारागीर कोल्टच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करी. त्यानें १८५५ सालीं जें पेटंट घेतलें त्यांतील त्याचें पिस्तूल मोठें विचित्र व निरुपयोगी होतें. पण त्यांत एक कलम असें होतें कीं चक्राचीं घरें आरपार पोखरलेलीं असावीं. एवढेंच. भोंक आरपार. परंतु घर आरपार असल्यावांचून मागून काडतूस घालतां येत नाहीं, आणि गोळी, दारू व ठिणगी हीं तिन्हीं ज्यांत एकत्र बंद आहेत असें तांब्याचें काडतूस तर तेव्हां नुकतेंच येऊं घातलें होतें. स्मिथ आणि वेसन या दोन भागीदारांस ही खुबी कळली. फ्रान्सांत आरपार घरांचीं पिस्तुलें आधींच होत होतीं; पण अमेरिकेंत पेटंट व्हाइटचें. १८५६ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं त्याच्याशीं करार केला: प्रत्येक पिस्तुलामागें व्हाइटला पंचवीस सेंट, म्हणजे पाव डॉलर. मात्र एक अट होती. कोणीं पेटंट मोडलें तर कोर्टांत लढावयाचें तें व्हाइटनें, आणि स्वतःच्या खर्चानें.

विद्यार्थ्यांनो, करारावर सही करण्यापूर्वीं शेवटचें कलम वाचावें तें यासाठीं. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. शिपाई स्वतःच्या पैशानें हीं पिस्तुलें विकत घेऊं लागले. कारखान्यास मागणी पुरी करणें होईना. दुसऱ्या कारखानदारांनीं ती युक्ति चोरली, कांहींनीं तीस वळसा घालून चित्रविचित्र काडतुसें काढलीं, आणि व्हाइट कोर्टांच्या पायऱ्या झिजवीत राहिला. तो खटले जिंकला. वरिष्ठ कोर्टांत न्यायाधीशांचीं मतें समसमान पडलीं म्हणून खालचा निकाल कायम राहिला, इतकें तें सुईच्या अग्रावर होतें. १८६९ सालीं पेटंटची मुदत संपली. त्याच्या हातीं एकंदर सत्तर हजार डॉलरांच्या आसपास पडले आणि त्यांतला मोठा भाग वकिलांकडे गेला. कारखान्यास मात्र अमाप नफा झाला. मुदत वाढवून मिळावी म्हणून तो काँग्रेसकडे गेला, ठराव संमतही झाला, पण अध्यक्ष ग्रँट यांनीं १८७० च्या जानेवारींत तो नाकारला. युद्धांत या पेटंटमुळें सरकारची अडचण झाली, असा सैन्याच्या शस्त्रखात्याचा अभिप्राय होता. मला या माणसाची दया येते, आणि थोडें हसूंही येतें: ज्याचें स्वतःचें पिस्तूल कोणीं घेतलें नाहीं, त्याच्या नांवाची तारीख हजारों पिस्तुलांवर फिरली आणि खालापूरच्या एका माळ्यावर येऊन तिनें एका घराण्याचा इतिहास बदलला.

पिस्तूल उघडण्याची तऱ्हा मीं मुलाला चित्र काढून दाखविली, कारण आमच्या समोरचें तर उघडत नव्हतें. नळीच्या बुडाशीं एक खिटी असते. ती दाबली कीं नळी वरच्या बिजागरीवर उचलली जाते, चक्र हातांत सुटून येतें, आणि नळीखालीं बसविलेल्या आंखूड दांडीवर तें टेंकून रिकामीं काडतुसें एकेक ढकलून काढावयाचीं. घोडा काडतुसाच्या मध्यावर न पडतां कांठावर पडतो. ठिणगीचें द्रव्य कांठाच्या घडींत भरलेलें असे. गोळी बारीक, एक तृतीयांश इंचाहूनही थोडी कमी जाडीची. रानांतल्या जनावरापुढें हें कांहीं भरंवशाचें हत्यार नव्हे. तरी तें दूर दूर गेलें. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील प्रसिद्ध नेमबाज वाइल्ड बिल हिकॉक १८७६ सालीं पत्ते खेळतांना पाठीमागून मारला गेला, तेव्हां त्याच्याजवळ याच नंबरचें पिस्तूल होतें असें म्हणतात. त्यास तें काढतांही आलें नाहीं. जपानांत साकामोतो र्‍योमा या देशभक्तानें १८६६ सालीं एका खाणावळींत रात्रीं घेरला गेला असतां हेंच पिस्तूल झाडून जीव वांचविला. स्प्रिंगफील्डहून जें जपानास पोंचलें, तें बोरघाटांत पोंचावें यांत नवल नाहीं.

कसें पोंचलें तें मात्र आजोबांच्या थोरल्या बहिणीनें सांगितलें. त्या कर्जत तालुक्यांत कडावच्या बाजूस दिलेल्या. वय नव्वदीच्या घरांत, पण स्मरण लख्ख. नातू निबंध लिहितो आहे हें त्यांच्या कानीं गेलें होतें. मुलाला घेऊन मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांनीं पहिलें वाक्य असें टाकलें: “लढाईंत कोण गेलं होतं? तो तर बोगद्यावर होता.”

त्यांनीं ही गोष्ट त्यांच्या आजीकडून ऐकलेली, आणि आजीनें सून म्हणून आल्यावर प्रत्यक्ष सासऱ्याच्या तोंडून. तो पुरुष बोरघाटाच्या रेल्वेच्या कामावर सुरुंगवाला होता. कातळांत पहारेनें भोंक पाडावयाचें, त्यांत दारू ठासावयाची, वात लावून धांवावयाचें. पुढें एक साहेब मेला, त्याच्या सामानाचा लिलाव खंडाळ्यास झाला, आणि यानें भाताचें बियाणें ठेवावयास होईल म्हणून पितळी कोपऱ्यांची एक पेटी घेतली. पिस्तूल पेटीच्या तळाशीं कपड्यांत निघालें. तें परत द्यावयास धैर्य होईना, ठेवावयासही होईना. मग १८७८ चा हत्यारांचा कायदा आला; देशी माणसास परवाना सक्तीचा आणि गोऱ्यास माफ. तेव्हां तें माळ्यावर गेलें तें तीन पिढ्या तेथेंच राहिलें. “भ्यायला होता तो,” आक्का म्हणाल्या, “म्हणून लपवलं. त्यात लाज कसली?”

परततांना मुलगा गप्प होता. पळसदरीजवळ मीं त्यास घाटाकडे बोट करून दाखविलें आणि जें मला ठाऊक होतें तें सांगितलें. हें काम १८५६ सालीं सुरू झालें. तेव्हां मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येई आणि उतारूंनीं पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं खंडाळा गांठावयाचा. पावणेसोळा मैलांची चढण, सुमारें अठराशें तीस फूट उंची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या आरंभीं बेचाळीस हजारांवर माणसें येथें राबत होतीं. कड्यावरून दोरांनीं खालीं सोडलेलीं माणसें लोंबकळत कातळांत पहिलीं भोंकें पाडीत. पटकीच्या सांथी आल्या आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पाडून गेल्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या सप्टेंबरांत आला आणि त्याच महिन्यांत खंडाळ्यास वारला. त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें कंत्राट सोडलें नाहीं, आणि १८६३ सालीं गाडी घाट चढली. त्या विधवेचें नांव ग्रंथांत आहे. दोरावर लोंबकळणाऱ्यांचीं नांवें कोठें आहेत?

“आमच्याकडे एक आहे,” मुलगा म्हणाला. सबंध वाटेंत तो तेवढेंच बोलला.

त्याचा नवा निबंध याच अंकांत पुढें छापला आहे. त्यांत मीं ऱ्हस्वदीर्घापलीकडे हात घातलेला नाहीं. लिलावाचा प्रसंग त्यानें दोनच ओळींत उरकला आहे, आणि सुरुंगाची वात पेटवून धांवणाऱ्या माणसाचें वर्णन सबंध दीड पान केलें आहे. प्रमाण सुटलें आहे खरें, पण तें मीं तसेंच राहूं दिलें.

पिस्तूल त्यांच्याच घरीं, त्याच पितळी कोपऱ्यांच्या पेटींत, दाखल्यासह कुलपांत आहे. ज्या पालकांस किंवा विद्यार्थ्यांस तें पाहावयाचें असेल त्यांनीं आधीं निरोप पाठवावा. आजोबा सत्तावन्नची झुंज अजूनही सांगतात, पूर्वींइतक्याच आवेशानें, मात्र शेवटीं “असें आमचे वडील सांगत” एवढें जोडतात, आणि मग नातवास म्हणतात, “आतां तूं तुझी सांग.”